वाढत्या अंगाची कुंडी

"मास्तर, आज कुंड्या आणायला जायचंय," साळू म्हणाली, आणि मास्तरांच्या हातातला पावाचा तुकडा चहात पडला. पडला तो थेट तळाशी गेला. एरवी त्यांनी तो चमच्याने काढून निगुतीने खाल्ला असता, अन्नाची नासाडी त्यांना खपत नाही. आज मात्र ते नुसते कपात बघत बसले. कुंड्या? आता? बुधवारी हिची आत्या येणार, हिला बरोबर न्यायचं की नाही त्याचा सोक्षमोक्ष लावणार, आणि हिला कुंड्या सुचतायत! बरं, सांगण्याची तऱ्हा तरी काय, जसा काही अंगाचा साबण संपलाय. त्यांनी हळूच मान वर केली. साळू गॅलरीच्या दारात पाठमोरी उभी होती, केस वर गुंडाळून त्यांत पेन्सिल खुपसलेली, आणि दुकानात बाया कापड लांब धरून बघतात तशी ती मान कलती करून रिकाम्या गॅलरीकडे बघत होती. राहतेय, मास्तरांच्या मनात आलं. पोरगी राहतेय! जाणारं माणूस कुंड्या कशाला आणेल? आणि लागलीच दुसरं मन म्हणालं, मास्तर, सुतावरून स्वर्ग गाठू नका. वय झालं आता तुमचं.

"कुठल्या कुंड्या?" त्यांनी विचारलं. विचारायचं होतं भलतंच.

"झाडांच्या," साळू म्हणाली. "अजून कसल्या असतात?"

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. शाळेत ते विद्यार्थी म्हणूनही फार दिवस टिकले नव्हते. हे कटिंग मास्तर. शाळांचे गणवेश शिवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये लांबलचक टेबलाशी उभं राहून त्यांनी आयुष्यभर कापड कापलं. एकावर एक कापडाचे थर, वर खडूने आखलेल्या रेघा, आणि त्या रेघांवरून न थरथरता जाणारा हात. त्यांनी कापलेल्या हाफपँटी घालून मोठी झालेली पोरं आता आपापली पोरं घेऊन येतात. मास्तरांचा धर्म एकच, कपडा वाढत्या अंगाचा हवा. बाही मनगटाखाली बोटभर, घेर ऐसपैस, आणि खाली आत दुमडलेलं भरपूर कापड. पोर वाढलं की टीप उसवायची, दुमड सोडायची, पुढचं वर्ष निघालं. आईबाप दुवा देत. पोरं पहिलं वर्षभर गोणपाटात घातल्यासारखी हिंडत, पण पोरांना कोण विचारतो! साळूची आई त्यांच्या आयुष्यात आली ती याच भांडणातून. काउंटरवर एक निळा फ्रॉक आपटून ती म्हणाली होती, "मास्तर, हा माझ्या मुलीला शिवलाय की मला?" तिच्यामागून एक किडकिडीत पोर डोळे वटारून त्यांच्याकडे बघत होतं. तिचा नवरा पोर रांगत असतानाच वारला होता, हे त्यांना मागाहून कळलं. मास्तरांनी फ्रॉक दुरुस्त केला. तिला पसंत पडला नाही, म्हणून पुन्हा केला. असा तो फ्रॉक दुरुस्त होता होता मास्तरांचं लग्न झालं, आणि वर्कशॉपमधल्या लोकांना वर्षभर पुरेल एवढी चेष्टा मिळाली. आई 'मास्तर' म्हणायची म्हणून पोरगीही 'मास्तर' म्हणायला लागली आणि ते तसंच राहिलं. बदलायला कुणी गेलं नाही. ती इतकी बोलायची, इतकी बोलायची, की आईने तिचं नाव साळुंकी ठेवलं, त्याची पुढे साळू झाली.

मग साळूची आई आजारी पडली, आणि गेल्या हिवाळ्यात गेली. साळुंकीचा आवाज तेव्हापासून बंद. घरात माणसं दोन, आणि दोघंही मिठाची गुळणी धरल्यासारखी. आत्या येऊन भेटून गेली. आत्या म्हणजे साळूच्या वडिलांची बहीण, मनाने चांगली, आवाजाने मोठी. तिच्या गावात बागशेतीचं कॉलेज आहे, साळूला तिथे प्रवेशही मिळालाय, आणि आत्याचं घर कॉलेजपासून हाकेच्या अंतरावर. "राहील माझ्याकडे," आत्या म्हणाली होती. "तुमच्यावर तरी किती दिवस भार टाकायचा? तुम्ही केलंत तेच खूप झालं." चांगल्या मनानेच म्हणाली बिचारी. पण ते 'तेच खूप' मास्तरांच्या घशात जे अडकलं ते आजतागायत खाली उतरलेलं नाही. भार? कसला भार? त्यांना म्हणायचं होतं, अहो बाई, हिच्या प्रत्येक फ्रॉकची दुमड मी स्वतः सोडलीय. दुमड सोडली की जुनं कापड विटलेलं आणि आतलं नवंकोरं, मधे एक रेघ उरते. कितीही इस्त्री केली तरी ती जात नाही. बाकीचे बाप पोराची उंची दाराच्या चौकटीवर मोजतात, मी त्या रेघांवर मोजली. हे सगळं म्हणायचं होतं. म्हणाले काय, तर, "चहा घेणार ना?" आणि साळूला विचारायचं तर इथेच त्यांचं घोडं पेंड खात होतं. विचारायचं कुठल्या हक्काने? या शहरात कॉलेजं नाहीत असं नाही. पण 'राहा' म्हटलं आणि भिडेखातर राहिली तर? 'जा' म्हटलं आणि तिला वाटलं, मास्तरांना ब्याद टळायला हवीय, तर? आईमुळे ती त्यांची होती. आता आई नाही, मग ती कोण आणि ते कोण? या प्रश्नाशी आलं की मास्तर रेडिओ लावत. आत्याला साळूने सांगितलं होतं, बुधवारी या, तेव्हा सांगते. मास्तरांना तिने काहीच सांगितलं नव्हतं.

बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि मास्तर शेजारी, मांडीवर रिकाम्या पिशव्या. ताकाला जाऊन भांडं कसं लपवायचं याचा ते विचार करत होते. "गॅलरीत ऊन येतं का पण पुरेसं?" त्यांनी विचारून बघितलं. साळूने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांना एकदम त्या रेघा आठवल्या. गेल्या आठवड्यात गॅलरीच्या फरशीवर खडूच्या रेघा दिसल्या होत्या, तिरप्या, एकापुढे एक. खडू ओळखीचा होता, त्यांचाच, कापडावर आखायचा चपटा निळा खडू. मास्तरांना वाटलं आपल्याच पायजम्याला लागून घरभर झाला, म्हणून त्यांनी ओलं फडकं घेऊन फरशी लख्ख पुसून काढली. दुसऱ्या दिवशी रेघा परत. पुन्हा पुसल्या. तिसऱ्या दिवशी रेघांशेजारी तिने नुसतं लिहिलं होतं, 'पुसू नका'. तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता, तो आता पडला. सकाळचं ऊन कुठवर येतं, दुपारी कुठे सरकतं, कठड्याची सावली कुठे पडते, हे पोरीने फरशीवर आखून ठेवलं होतं. कापड हातात येण्याआधी अंगाचं माप घ्यावं तसं! मास्तरांच्या मनात एवढा अभिमान दाटून आला की त्यांनी समोरच्या सीटवरच्या अनोळखी गृहस्थाकडे बघून उगाच मान हलवली. त्या गृहस्थांनीही हलवली, बिचाऱ्यांनी.

"दोनदा पुसलंत तुम्ही माझं ऊन," साळू म्हणाली.

"मला काय ठाऊक! सांगायचंस ना."

"तुम्ही विचारायचं ना."

हे ती खडूबद्दलच म्हणाली, याची मास्तरांना पूर्ण खात्री होती. तरी पुढचे दोन थांबे ते खिडकीबाहेरच बघत राहिले.

नर्सरी दोन गोदामांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत होती. बाहेरून वाटलं नसतं की आत एवढं हिरवं असेल. ओल्या मातीचा वास, पत्र्यावरून ठिबकणारं पाणी, आणि डाव्या हाताला कुंड्यांच्या उतरंडी. नर्सरीवाली बाई गळ्यात दोरीला चष्मा आणि हातात पाण्याचा पाइप घेऊन उभी होती; "बघा, बघा, काय हवं ते," एवढं बोलून तिने पुन्हा पाइपाकडे लक्ष दिलं. मास्तरांना आधी आवडली ती निळी, चकचकीत, काचेसारखी झिलई असलेली कुंडी. हात फिरवला तर रेशमाचा ताका. "ही घे," ते म्हणाले. साळूने ती उचलली, उपडी केली आणि जागच्या जागी ठेवून दिली. "तळाला भोक नाही. फुलदाणी आहे ही. पाणी जायला वाटच नाही हिला." मग ती मातीच्या कुंड्यांकडे वळली, आणि मास्तर बघत राहिले. ती एकेक कुंडी डाव्या हातावर तोलायची आणि उजव्या हाताच्या बोटाच्या पेराने तिला टक् करून मारायची. खणखणीत वाजली की या बाजूला, बद्द वाजली की परत उतरंडीत. बद्द वाजली म्हणजे कुठेतरी तडा आहे, डोळ्याला दिसो न दिसो. मग उपडी करून भोकाला डोळा लावायची आणि कुंडीतून आभाळाकडे बघायची. हे तिला कुणी शिकवलं? आईने नाही. साळूच्या आईला झाडं आवडायची ती दुसऱ्यांच्या दारातली. आणि मास्तरांना तर गवत आणि कोथिंबीर यांत फरक कळायचा तो वासाने. म्हणजे ही हिची स्वतःची अक्कल, हिचा स्वतःचा हात. आपल्या घरात, आपल्या डोळ्यांसमोर हे माणूस तयार होत होतं आणि आपण रेडिओ ऐकत होतो, मास्तरांना वाटलं. चांगला कारागीर दिसला की त्यांच्या पोटात एक प्रकारची गुदगुली होते; आज ती झाली, आणि तिच्या मागोमाग भीतीही आली, की इतकी चांगली गोष्ट आपल्याकडे राहते कशाला.

त्यात साळूने चार मातीच्या कुंड्या काढून झाल्यावर दोन प्लास्टिकच्या उचलल्या, हलक्याफुलक्या, कान असलेल्या. मास्तरांच्या काळजात चर्र झालं. कान कशाला? उचलून न्यायला. "प्लास्टिक का?" त्यांनी शक्य तेवढ्या सहज विचारलं. "नेच्यासाठी," झालरीसारख्या पानांच्या एका रोपाकडे बोट दाखवत ती म्हणाली. "त्याला सतत ओल लागते. मातीची कुंडी सगळ्या अंगाने पाणी पिऊन टाकते, त्याच्या वाट्याला काय राहणार? गुलाबाचं आणि लिंबाचं उलटं, त्यांना ओल साचलेली चालत नाही, म्हणून ते मातीत." मास्तरांचा जीव भांड्यात पडला. म्हणजे कान नेच्यासाठी होते. पण मग लिंबू? लिंबाचं झाड ही काय आज लावून उद्या खुडायची भाजी आहे? लिंबाला फळ धरायला वर्षं लागतात, एवढं मास्तरांनाही ठाऊक होतं. वर्षं! त्यांनी मनातल्या मनात ते लिंबू वाढवलं, त्याला फळ धरलं, साळूने ते तोडलं, इतपत मांडे खाऊन झाल्यावर ते तरतरीत होऊन पुढे गेले आणि गुलाबासाठी स्वतः एक कुंडी निवडून आले. चांगली मजबूत, खणखणीत वाजवून बघितलेली, भोक तपासलेली. दोन्ही हातांत मिठी मारून आणावी लागली एवढीच काय ती गोष्ट. साळूच्या हातात गुलाबाचं रोप होतं, वीतभर.

"हे काय? एवढ्याशा जिवाला हा हौद?"

"वाढत्या अंगाचं आहे ना," मास्तर म्हणाले.

साळू हसली. नुसते ओठ हलवून नव्हे. खाली बसली, रोप बाजूला ठेवलं, गुडघ्यांत डोकं घालून हसली. त्या हिवाळ्यापासून हे हसणं त्या घराने ऐकलं नव्हतं, आणि ते निघालं ते इथे, दोन गोदामांच्या मधे, कुंड्यांच्या दुकानात. नर्सरीवालीसुद्धा पाइप बाजूला धरून बघायला लागली. मास्तर हौद पोटाशी धरून उभे, कानापर्यंत तोंड पसरलेलं. आपली एवढी फजिती रोज व्हावी, त्यांना वाटलं.

"अहो मास्तर," ती डोळे पुसत म्हणाली, "रोपटं आहे ते, तुमच्या शाळेतलं पोर नाही. त्याची मुळं एवढीशी. भोवती एवढी माती, तिच्यात पाणी घातलं तर पिणार कोण? माती ओलीच राहते, दिवसेंदिवस राहते, आणि मुळं कुजतात. झाड सुकलं असं आपल्याला वाटतं, आपण अजून पाणी घालतो. आत्ताच्या मापाची कुंडी द्यायची. मुळांनी ती भरली की मग एक माप वरची."

"अजून पाणी घालतो," मास्तर म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू कुठे गेलं ते त्यांनाच कळलं नाही. त्यांना ड्रम आठवला. साळूची आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिला खिडकीतून काहीतरी हिरवं दिसावं म्हणून त्यांनी जाईचं एक रोप आणलं होतं, बोटाएवढं, आणि ते लावलं होतं रंगाच्या एका रिकाम्या मोठ्या ड्रममध्ये. फैलावू दे कशी फैलावायची ती, साळूची आई बरी होईपर्यंत खिडकी भरून जाईल. तळाला भोकं पाडलेली, माती विकत आणलेली, सगळं साग्रसंगीत. जाई पंधरा-वीस दिवसांत पिवळी पडली. मास्तर कामावरून येऊन आधी तिला पाणी घालायचे. पिवळी पडली म्हणून दुप्पट घालायचे. शेवटी तिची काळी काडी उरली आणि ती उपटून टाकायचा धीर त्यांना कितीतरी दिवस झाला नाही, कारण ती बघून त्यांच्या मनात नाही नाही ते येत होतं. आणि अंथरुणावरून साळूची आई रोज तेच बघत होती.

"म्हणजे जाई मी बुडवून मारली," ते म्हणाले.

साळूने रोप उचलून उगाच त्याची माती थोपटली. "आईला माहीत होतं," ती म्हणाली. "म्हणजे मी तिला सांगितलं होतं, की पाणी जास्त होतंय, मास्तरांना सांगू का. ती म्हणाली, गप्प बस. फार हौसेने आणलीय त्यांनी, रोज घरी आले की आधी तिच्याकडे जातात. घालू दे."

मास्तरांना मधेच हौद खाली ठेवावा लागला. काय बाई होती! काउंटरवर फ्रॉक आपटणारी, भाजीवाल्याला पाव किलोसाठी उभा-आडवा घेणारी, आणि आपलं झाड डोळ्यांदेखत मरताना बघत पडून राहिली, कशासाठी, तर यांची हौस राहावी म्हणून. आणि हे पोरगं तेव्हा बारावीत, गप्प बस म्हटल्यावर गप्प बसलं आणि आजवर ब्र काढला नाही. दोघींनी मिळून आपल्याला सांभाळलं, त्यांच्या मनात आलं, आणि आपण समजत होतो आपणच त्यांना सांभाळतोय. त्यांना लाज वाटायला हवी होती. वाटली ती नुसती माया, आणि त्या मायेचं काय करायचं ते न कळून त्यांनी विचारलं, "मग कुठल्या मापाची आणू?"

"ही," साळूने एक कुंडी दाखवली. "रोपाच्या मातीच्या गड्ड्याभोवती दोन बोटं जागा राहील एवढी."

पुढे मग त्यांना रंगच चढला. पुदिन्याला पसरट कुंडी आणि तीही एकट्याला, कारण तो शेजाऱ्याला जगू देत नाही. "आपल्या खालच्या मजल्यावरच्या काकूंसारखा," मास्तर म्हणाले, आणि साळू पुन्हा हसली. टोमॅटोला खोल कुंडी. त्या वीतभर गुलाबाऐवजी मास्तरांनी फुलांनी लगडलेला एक उचलला तर तिने तो अलगद ठेवून देऊन आपला कळ्यांचाच राखला. फुललेला घरी नेईपर्यंत गळतो, म्हणाली, याचं सगळं व्हायचंय अजून. रोप घ्यायच्या आधी ती ते पिशवीतून हळूच सरकवून त्याची मुळं बघायची. पांढरी असली तर हूं, तपकिरी, गुंडाळा झालेली असली तर जागच्या जागी. नर्सरीवालीने एकदा हरकत घ्यायला तोंड उघडलं आणि पोरीचा हात बघून मिटलं. मग तीच कोपऱ्यातून एक कोरफड आणि उभ्या जाड पात्यांचं एक झाड घेऊन आली. "ही न्या, साहेब. महिनाभर विसरलात तरी हूं की चूं करायची नाहीत."

मास्तरांना ती एकदम पसंत पडली. आपल्यासारखीच दिसतात, त्यांना वाटलं, कमी बोलणारी.

"नको," साळू म्हणाली. "तसली नकोत."

"अगं, पण सोपी आहेत म्हणतायत त्या."

"म्हणूनच नकोत. मला रोज बघावी लागतात ती झाडं हवीत."

रोज! मास्तरांनी पिशव्यांवरची पकड घट्ट केली. आता याहून स्पष्ट ते काय असतं? रोज बघावा लागणारा नेचा, पाणी चुकलं की मान टाकणारा पुदिना, हवा बदलली तरी कीड धरणारा नखरेल गुलाब, आधार बांधत राहावा लागणारा टोमॅटो. असली नाटकं घरी कोण नेतं? घरी राहणारं माणूस. त्यांनी टॅक्सी केली. कुंड्या होत्या म्हणून करावीच लागली असती, पण त्यांनी ती अशा थाटात हात वर करून थांबवली की जसं काही वरातीलाच निघालेत. डिकीत कुंड्या, पुढच्या सीटवर लिंबू, मागे मांडीवर गुलाब आणि नेचा. टॅक्सीवाला मातीबद्दल कुरकुरत होता. मास्तर त्याला म्हणाले, "अहो, माती आहे, घाण नाही," आणि स्वतःच्याच वाक्यावर खूश झाले. त्यांना बुधवार दिसत होता. आत्याला चहा देऊ, बिस्किटं चांगल्यातली आणू, ती बिचारी रिकाम्या हाताने जाणार. तिला पुदिन्याची एक काडी देऊ बरोबर. नेच्याचं एक पान त्यांच्या मनगटावर सारखं हुळहुळत होतं आणि ते हात हलवत नव्हते.

गॅलरीत साळूने जुनं चादरवजा कापड अंथरलं, माती, खत आणि नारळाचा भुसा त्यावर ओतून कालवला, आणि कोण कुठे बसणार ते रेघा बघून ठरवून टाकलं. लिंबू आणि टोमॅटो पूर्ण उन्हात, गुलाब सकाळच्या उन्हाला, नेचा दाराआड. मास्तरांना काम दिलं होतं भोकांवर फुटक्या कुंडीचे तुकडे ठेवायचं, म्हणजे पाणी जातं आणि माती राहते. ते मांडी घालून बसले होते, हाताला ओली माती लागलेली, उन्हाची तिरीप गुडघ्यावर. हे असंच असणार आता रोज संध्याकाळी, या धुंदीतच त्यांच्या तोंडून ते निघून गेलं. इतके दिवस जे विचारायला जीभ रेटली नव्हती, ते एखाद्याला किती वाजले विचारावं तसं विचारलं गेलं.

"मग आत्याला काय सांगणार बुधवारी?"

साळूचे हात थांबले नाहीत. "जाणार आहे," ती म्हणाली. "मला ते शिकायचंय, मास्तर. तिथलंच शिकायचंय."

हातातला तुकडा त्यांनी भोकावर ठेवला, मग काढला, मग पुन्हा ठेवला. खालून कुणाच्यातरी घरातल्या मिक्सरचा आवाज येत होता. पोटात एवढा मोठा खड्डा पडला होता की त्यात तो नर्सरीतला हौद मावला असता, आणि तरी त्यांना दिसत होतं की हिला दुसरीकडे कुठे नाही, तरी तिथे जाऊ द्यायलाच हवं. आज दिवसभर काय बघितलं मग आपण? कुंड्या वाजवणारा तो हात बघितला ना? हा हात इथे ठेवून घ्यायचा? कशाला, आपल्याला चहा करून द्यायला?

"चांगलं आहे," ते म्हणाले. आवाज बरा निघाला. "चांगलंच आहे. शिकायलाच हवं. तुझा हात..." पुढे आवाज बरा निघेना. त्यांनी खाकरून घेतलं. "पण मग हे सगळं कशाला आणलंस बाई? इतकी नखरेल झाडं. माझ्याच्याने होणार का ती? ती कोरफड तरी घ्यायचीस."

"कोरफड घेतली असती तर मी तुम्हाला फोनवर काय विचारलं असतं?" साळू म्हणाली. ती आता त्यांच्याकडे बघत होती. "आईला दवाखान्यात ठेवलं तेव्हा मी तिथून तुम्हाला रोज फोन करत होते. तुम्ही काय बोलायचात? जेवलीस का, हां, बरं, ठेवतो. तेवढंच. मी तिकडे गेल्यावर आपलं काय होणार ते मला दिसत होतं. महिना-दोन महिने, जेवलीस का, बरं, ठेवतो. मग आठवड्यातून एकदा. मग काय?" तिने गुलाबाच्या कुंडीत ओंजळभर माती टाकली, जरा जोरानेच. "म्हणून रोज बघावी लागतात अशीच घेतली. रोज एकेकाचं विचारणार आहे मी. पानं कशी आहेत, खालची आहेत की वरची, माती बोट घालून बघितली का. 'बरं आहे' म्हणालात तर चालणार नाही. सांगावं लागेल नीट."

मास्तर दिवसभर या झाडांत आपलं नशीब बघत हिंडले होते आणि ही पोर त्या वेळी, एकेक कुंडी टक् टक् वाजवत, ही सोय करत होती. इतकं डोकं! इतकं डोकं आणि एवढी माया, आणि तोंडाने एक शब्द नाही. कुणावर गेलीय ही?

"मेली तर?" त्यांनी विचारलं.

"मेली तर मला यावं लागेल."

मास्तरांनी नेच्याकडे बघितलं. एक क्षणभर, खोटं कशाला बोला, त्यांच्या मनात पाप आलं.

"आणि जगली तर?"

साळूने कपाळावरचे केस मनगटाने मागे सारले. कपाळाला माती लागली. लहान मुलाला समजावताना मोठी माणसं काढतात तो आवाज काढून ती म्हणाली, "मग बघायला नको यायला?"

खालचा मिक्सर थांबला. मास्तरांना वाटलं आता काहीतरी बोललं नाही तर आपण कायमचे 'बरं, ठेवतो' म्हणूनच मरू. "साळू," ते म्हणाले, "मला करमणार नाही गं." असलं वाक्य त्यांनी आयुष्यात कधी कुणाला म्हटलं नव्हतं, हिच्या आईलासुद्धा नाही, आणि ते एवढं सोपं होतं हे पाहून त्यांना नवल वाटलं.

"मला तरी कुठे करमणार आहे," साळू म्हणाली. तिचं नाक लाल झालं होतं. तिने ते खांद्याला पुसलं आणि कुंडी दोघांच्या मधे ओढली. "हे धरा जरा. मी माती दाबते. वाकडं होतंय."

मास्तर पुढे सरकले आणि त्यांनी दोन्ही हातांनी गुलाब धरला, काटे लागत होते तरी सरळ धरला, आणि साळू सगळीकडून बोटांनी माती दाबत राहिली.